मदत हवी आहे: सेव्हेरसच्या चांदीच्या नाण्यावरचा डोंगर आणि सालाची अक्षरं

नमस्कार मंडळी,

रोमन प्रांतिक नाण्यांचा कुणाचा अभ्यास असेल तर जरा बघा. रोमन सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरसचं (इ.स. 193 ते 211) चांदीचं द्राख्म (ग्रीक पद्धतीचं नाणं) आहे, कापाडोकियातल्या सीझरियाच्या टांकसाळीचं. गाव म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं कायसेरी. वजन 2.9 ग्रॅम. दर्शनी बाजूला पानांचा मुकुट घातलेला दाढीवाला सम्राट, लेख ग्रीक. तिथवर ठीक.

गाडी अडलीय मागच्या बाजूला. मधोमध आर्गेयस डोंगर (आजचा एर्जियेस, जवळपास 3,900 मीटर) आणि माथ्यावर तारा. डोंगराच्या पायथ्याशी जाडसर आडवी पट्टी आहे. ही नुसती जमिनीची रेघ म्हणायची की वेदी? कारण याच शहराच्या काही नाण्यांवर डोंगर चक्क वेदीवर मांडलेला असतो, काहींवर देवळाच्या आत. म्हणजे डोंगराची प्रतिमा घडवून ती पूजत असणार. दुसऱ्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ टायरचा मॅक्सिमस लिहितोच की कापाडोकियन लोकांना डोंगर हाच देव, तीच शपथ, तीच मूर्ती. ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

ताऱ्याचं काय? आधीच्या सम्राटांच्या नाण्यांवर याच माथ्यावर हातात गोल आणि राजदंड घेतलेली आकृती उभी असते. बरेच जण तिला हेलिओस, म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव, मानतात. तारा म्हणजे तिचंच आटोपशीर रूप, असं मला वाटतं. पटतंय का? (आपल्याकडच्या क्षत्रप राजा चष्टनाच्या नाण्यांवरचा तीन कमानींचा डोंगर कृपया मध्ये आणू नका, धागा भरकटतो.)

आता साल. डोंगराखाली एप्सिलॉन-टाऊ ही ग्रीक अक्षरं, म्हणजे 'वर्ष' (सम्राटाच्या राजवटीचं; आकडेही अक्षरांनीच लिहीत). पुढे आयोटा, म्हणजे 10. त्यानंतरचं अक्षर झिजलंय: सरळ उभा दांडा आणि वर उजवीकडे आखूड फाटा, एवढंच दिसतं. गॅमा धरला तर 13वं वर्ष, साधारण इ.स. 205. एप्सिलॉन धरला तर 15वं, म्हणजे 207च्या आसपास. पण सुरुवातीचा एप्सिलॉन गोलसर कोरलाय, मग हा सरळ दांड्याचा कसा असेल? माझा कल गॅमाकडे आहे. विकणाऱ्याने मात्र पाकिटावर 15 लिहिलंय.

तिरप्या उजेडातले फोटो खाली डकवलेत. नाणं घासलेलं-पुसलेलं नाही. किंमत नकोय, विकायचंही नाही. पट्टी आणि ते शेवटचं अक्षर एवढं कुणी वाचून द्या.