‘पोचार’ आणि ‘सोफ्रितो’मध्ये फरक काय?

प्रश्न: स्पॅनिश पाककृतींत हे दोन्ही शब्द येतात. दोन्ही म्हणजे परतणंच ना? आणि पाएया या स्पॅनिश भातातलं ‘सोकारात’ म्हणजे भात करपवायचा?

उत्तर १: पोचार ही क्रिया आहे: कांदा भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर २०-२५ मिनिटं मऊ करायचा, रंग येऊ द्यायचा नाही. सोफ्रितो हा तयार मसाला. त्यात किसलेला टोमॅटो पाणी आटून तेल सुटेपर्यंत शिजवतात. घाई केली की कच्चट आंबटपणा राहतो. पिमेंतोन, म्हणजे स्पॅनिश लाल मिरचीपूड, अगदी शेवटी घाला आणि लगेच रस्सा (स्टॉक) ओता. ती क्षणात जळून कडू होते.

उत्तर २: सोकारात म्हणजे आपली खरवड! खरपूस हवी, काळी नव्हे. बोंबा (आखूड दाण्याचा स्पॅनिश) तांदूळ १ वाटी, रस्सा ३ वाट्या, साधारण १८ मिनिटं. शेवटची दीड-दोन मिनिटं आच मोठी. चरचर ऐकू आली की कान आणि नाक तिथेच ठेवा. रस्सा घातल्यावर ढवळू नका, स्टार्च सुटून भात गिच्च होतो.

उत्तर ३: स्पेनमधल्या वलेन्सियाच्या पारंपरिक पाएयात कांदा नसतो बरं का. पोचार जास्त भेटेल तोर्तियात. स्पेनमध्ये ते बटाट्याचं जाड ऑम्लेट, मेक्सिकोत मात्र पोळी.