मदत हवी आहे: व्हिडिओत दिसला एक गेम, हातात आला दुसराच

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाने एका ऑनलाइन स्टोअरवरून कन्सोलसाठी साडेतीन हजारांचा गेम घेतला. आधी एका यूट्यूबरचा गेमप्ले पाहिला होता, त्यात सगळं झकास. प्रत्यक्षात गेम जागोजागी अडकतो, मध्येच सेव्हही उडतो. नंतर कळलं की व्हिडिओ महागड्या पीसीवरचा होता आणि कॉपी कंपनीने फुकट दिलेली. व्हिडिओत याचा साधा उल्लेखही नाही.

स्टोअर म्हणतं, डाउनलोड केलं की रिफंड नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन स्टोअरवर १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे मागता येतात, पण हे स्टीम नव्हे. २०२० मध्ये सायबरपंक २०७७ या गेमची अशीच गत झाली तेव्हा प्लेस्टेशन कन्सोलवाल्या सोनीने मागणाऱ्यांना पैसे परत दिले होते. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं!

आता विचारायचंय ते असं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असा गेम ‘सदोष वस्तू’ ठरतो की सेवेतली त्रुटी? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून कुणाचं काम झालंय का, की सरळ जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकावी? यूट्यूबरची तक्रार वेगळी करावी लागते का? बिल आणि गेम अडकतानाचं रेकॉर्डिंग जपून ठेवलंय. अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.