तीनदा एअर काढली तरी ब्रेक पेडल मऊच, जुनी झेन, सोलापूर

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. २००२ची झेन आहे, वडिलांनी घेतलेली, घरात अजून तीच एक गाडी. महिना झाला ब्रेक पेडल मऊ लागालंय, म्हणजे दाबलं की अर्ध्यापर्यंत काहीच नाही आणि मग हळूहळू पकड येते. पुढचे पॅड संपले होते म्हणून बदलले, तेव्हाच गॅरेजवाल्यांनी ब्रेक ऑईल पण बदललं, डब्यातलं ऑईल कोऱ्या चहासारखं झालं होतं. पण गाडी घरी आणली त्या दिवसापासून उलट जास्तच झालंय. परत नेली, एअर म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच, असं तीनदा झालं. सात रस्त्याला गर्दीत ब्रेकवर पाय ठेवून थांबलो की पेडल सावकाश खाली जालंय, पार मॅटला टेकतंय आणि गाडी पुढं सरकते. पाय उचलून परत दाबलं की वर येतंय. ऑईलची लेव्हल कमी होत नाही, चाकापाशी ओल नाही. आता ते म्हणतात बूस्टर (पायाचा जोर वाढवतो तो भाग) गेलाय, बदलावा लागेल. पुढच्या मंगळवारी आईला घेऊन तुळजापूरला जायचंय, येताना भरल्या गाडीनं घाट उतरायचाय, खरंच झोप लागेना. बूस्टरच असेल का ओ?

स्पॅनर_१२_१३
बूस्टर नाही भाऊ, पैसे घालू नका. बूस्टर गेला की पेडल दगडासारखं कडक होतं, मऊ नाही. तरी खात्री करून घ्या, इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा म्हणजे आतला व्हॅक्यूम संपतो, मग पाय दाबून ठेवूनच स्टार्टर मारा, पेडल जरासं खाली गेलं की बूस्टर काम करालाय समजायचं.
मऊ मऊ म्हणून सगळे एकच धरतात, पण त्यात फरक आहे. स्पंजसारखं लागतंय आणि पंप केलं की कडक होतंय तर लाइनमध्ये हवा. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्याला वर, पण वर आल्यावर घट्ट, तर मागच्या चाकातले शू (आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमपासून (चाकाबरोबर फिरणाऱ्या वाटीपासून) लांब राहिलेत. आणि पाय ठेवलेला असताना सावकाश बसत जातंय, बाहेर थेंब नाही, लेव्हल जागच्या जागी, तर मास्टर सिलेंडरचं, म्हणजे पेडल दाबलं की ऑईल चाकांकडं ढकलतो त्या पंपाचं, आतलं रबर गेलंय. ऑईल रबराच्या कडेनं मागं सरकून परत डब्यातच येतं, मग लेव्हल कमी कशी होणार? तुमचं हेच दिसतंय. एक करून बघा, गाडी सपाटीला उभी करून चालू ठेवा आणि अगदी हलक्या पायानं दाबून धरा, मग सोडून एकदम जोरात दाबून धरा. हलक्या पायाला बसतंय आणि जोरात दाबलं की टिकतंय तर शंकाच नको. जोरात दाबल्यावर रबराची कड फाकून भिंतीला चिकटते, हलक्या दाबाला ती चिकटत नाही.
आणि ऑईल बदलल्यावरच का वाढलं ते पण सांगतो. रोजच्या वापरात पिस्टन सिलेंडरमध्ये थोडंच अंतर जातो, पुढच्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि घाण बसलेली असते. एअर काढताना मदतनीस पोरगा पेडल पार तळाला नेतो, जुनं रबर त्या खरबरीत भागावरून घासतं आणि कड फाटते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवूनच एअर काढावी, मी कायम सांगतो, कुणी ऐकत नाही.

विजापूर_नाका
वरचं पटतंय, पण मागचे ड्रम उघडून बघितल्याशिवाय सोडू नका. माझ्या जुन्या व्हॅनला चाकावर बाहेरून काहीच दिसत नव्हतं, ड्रम काढून व्हील सिलेंडरचं (ऑईलच्या दाबानं शू ढकलतो तो) धुळीचं रबरी टोपण बोटानं उचललं तर आत ऑईल साचलेलं. ते मुरत मुरत शूच्या लाइनरला (घासणाऱ्या थराला) लागलं असतं तर एकाच बाजूला ब्रेक लागला असता. शू बघायची सोपी खूण म्हणजे हँडब्रेक ओढून पेडल दाबा, ओढल्यावर पेडल चांगलं वर येत असेल तर मागं गॅप जास्त आहे. मागचे अॅडजस्टर शूची गॅप जुळवायला आपोआप चालायला पाहिजेत पण इतक्या वर्षांच्या गाडीत गंजून अडकतात.
आणि ऑईल कोणतं टाकलं ते विचारा, सुट्या बाटलीतलं नको. डॉट ३ दर्जाचं ऑईल ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ २३० ला, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मुरलं की डॉट ४ पण १५५ पर्यंत खाली येतं. आपल्याकडं मे महिन्यात घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी आणली तर ऑईलला वाफ धरते आणि पेडल रिकामं जातं. सेकंड गिअरमध्ये उतरा, आई सोबत आहे.

होटगीरोडकर
काल सकाळी अंगणात सगळं करून बघितलं. स्टार्टर मारल्यावर पेडल खाली गेलं, म्हणजे बूस्टर ठीक. हलक्या पायानं स्टीलची पट्टी लावून मोजलं, मिनिटभरात साडेचार सेंटिमीटर खाली! जोरात दाबलं तर जागचं हललं नाही. हँडब्रेक ओढल्यावर पण पेडल वर आलं, म्हणजे दोन्ही भानगडी आहेत काय? नुसतं रबरांचं किट टाकावं का नवीनच मास्टर सिलेंडर?

स्पॅनर_१२_१३
हो, दोन्ही. नवीनच टाका. आतल्या भिंतीला ओरखडे असले तर नवं रबर पण महिन्यात फाटतं. गाडीवर चढवायच्या आधी बाकावर ऑईल भरून आतली हवा काढून घ्यायला सांगा, नाहीतर परत स्पंज. जुना काढला की बूस्टरच्या तोंडाशी बोट फिरवा, ओलं लागलं तर मागच्या सीलमधून ऑईल बूस्टरमध्ये गेलंय. आणि तोपर्यंत गाडी काढू नका, दूध आणायला सुद्धा नको. ज्या दिवशी रबर पूर्ण सोडेल त्या दिवशी आधी सांगणार नाही ते.

होटगीरोडकर
झालं काम. दुसऱ्या गॅरेजवाल्यांना घरीच बोलावलं, गाडी काढली नाही. बूस्टरचं तोंड कोरडं होतं. जुना सिलेंडर माझ्यासमोर उघडला, रबराच्या कडेला नखाएवढी फाट आणि आत पुढच्या बाजूला तपकिरी गंजाचं कडं, नख फिरवलं की अडकतंय. मागचा डावा अॅडजस्टर जाम होता, साफ करून सोडवला, दोन्ही व्हील सिलेंडर कोरडे निघाले. एअर काढताना पेडलखाली मी स्वतः पाटाचा तुकडा धरून बसलो होतो. आता हलक्या पायानं पाच मिनिटं धरलं, पट्टी लावून बघितलं, पेडल जागचं हललं नाही. दादा, तुमचे उपकार आहेत.

विजापूर_नाका
छान झालं. मंगळवारपर्यंत रोज सकाळी डब्याची लेव्हल आणि चारी चाकांच्या आतली बाजू बघत जा, आणि निघायच्या आधी एकदा रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून गाडी कुठल्या बाजूला ओढते का ते बघा.