मदत हवी आहे: खो-खो आणि गाणं एकाच वेळेला आलंय, कोणतं सोडायला लावू?

निशिगंधा
लवकर उत्तरं हवीत, शुक्रवारी सरांना सांगायचंय. मुलीचं खो-खोचं ग्राउंड आधी सकाळी असायचं, ते आता संध्याकाळी पाच ते साडेसहा झालंय. गाण्याचा क्लास मंगळवार-शुक्रवार सहाला. सर म्हणतात, जिल्ह्याच्या सामन्यांना उतरायचं तर रोज पूर्ण वेळ हजेरी पाहिजे, मधूनच उठून जाणं चालणार नाही. गाण्याच्या बाई म्हणतात, परीक्षेचा फॉर्म भरून झालाय, आता दांड्या नकोत. दोघांचंही बरोबर आहे. धाकट्याचा तबला बाईंच्याच इथे असतो, म्हणजे मला तिकडे जावं तर लागतंच. त्यात हिची जिवलग मैत्रीण हल्ली स्कूलबसमध्ये हिची जागा धरत नाही, कारण ही खेळायला कधी खाली नसतेच. काल त्यावरून रात्री साडेदहापर्यंत रडणं चालू होतं. एक सोडायचं तर कोणतं? ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सांगा.

गारवा
वय किती? कितवीत? गाव कुठलं? परीक्षा कोणती? घरी अजून कोण आहे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

पखवाज
गाणं सोडू नका. माझ्या मुलाचं सातवीत क्रिकेटपायी सुटलं, ते पुन्हा बसलंच नाही. आता तो कॉलेजात आहे आणि स्वतःच म्हणतो, बाबा, तेव्हा मला दामटून बसवायला हवं होतं. खेळ शाळेबरोबर संपतो, सूर जन्मभर राहतो.

मैदानी
पखवाज, खेळ शाळेबरोबर संपतो हे कुणी सांगितलं? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी आणि मुलांनी दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे ते वेगळंच. मी स्वतः दहा वर्षं खेळलोय. संघात एकदा जागा गेली की दुसरी मुलगी तिथे बसते, परत मिळवायला वर्ष जातं.

निशिगंधा
गारवा, सांगली, विश्रामबाग. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाची, प्रवेशिका प्रथम. ग्राउंड सांगलीत, क्लास मिरजेत. मी बँकेत, पावणेसहाच्या आत सुटका नाही. नवरा पुण्याला, शनिवार-रविवार येतो. सासूबाई घरी आहेत पण गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. मग मुलगी ग्राउंडवरून रिक्षाने घरी आणि मी मुलाला घेऊन मिरजेला, असं चाललंय. तो येताना गाडीवर पेंगतो. ओढणीने कमरेला बांधून आणते त्याला.

गारवा
ओढणीने बांधून सांगली-मिरज रस्त्यावर? संध्याकाळी सातला? ताई, मुलीचं काय ते नंतर ठरवा, आधी हे थांबवा. त्या रस्त्याला त्या वेळी केवढे ट्रक असतात.

मिरजेचा
तुम्ही मुलीला मिरजेत गाणं शिकवताय म्हणजे भाग्यवान आहात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. आमच्या गल्लीत तंबोरे घडताना बघतच आम्ही मोठे झालो. मंगळवेढा-पंढरपूरकडून भोपळे येतात, ते वाळवून, कापून, त्याला दांडी बसवायची. एका तंबोऱ्याला काही आठवडे सहज लागतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मुलीला एकदा त्या गल्लीत घेऊन या, गाणं सोडायचं नाव काढणार नाही.

मैदानी
तिने गाणं सोडायचं नाव काढलंय असं धाग्यात कुठे आहे?

सातवा सूर
मी वीस वर्षं मुलांना गाणं शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मंडळाच्या परीक्षा वर्षात दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. तुमचा फॉर्म हिवाळी सत्राचा असणार. नाही बसली तर फी जाईल आणि परीक्षा पुढच्या सत्रावर जाईल, एवढंच. मूल सहा महिन्यांनी प्रवेशिका प्रथम झालं म्हणून काही अडत नाही. शालेय सामने मात्र ठरलेल्या महिन्यांतच होतात.

तरीही क्लास पूर्ण बंद करू नका असंच मी म्हणेन. बाईंना विचारा, जिल्ह्याचे सामने होईपर्यंत आठवड्यातून एकच दिवस, रविवारी सकाळी घेतील का. बाकीचे दिवस घरी वीस मिनिटं. तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून षड्ज, मग पलटे, मग एक बंदिश. ताल हातावर ठाय आणि दुगुन, म्हणजे साध्या आणि दुप्पट लयीत, म्हणायचे असतात, ते रिक्षात बसूनही होतं.

एक काळजी घ्या. खो-खोत ओरडणं फार होतं. ग्राउंडवरून आल्या आल्या वरच्या पट्टीत गायला बसवू नका. पाणी, खाणं, अर्धा-पाऊण तास शांत, मग खर्जाकडून सुरुवात. घसा बसला असेल त्या दिवशी फक्त ऐकायचं.

पखवाज
सातवा सूर, तुम्ही शिक्षिका असून परीक्षा सोडा म्हणता? मुलांना एकदा 'पुढच्या वेळी' ची सवय लागली की प्रत्येक गोष्ट पुढच्या वेळीच.

सातवा सूर
परीक्षा सोडा म्हटलं नाही. नाही जमली तर घाबरू नका म्हटलं. माझ्याकडे परीक्षेच्या धाकाने आलेली मुलं विशारद होऊन गप्प झालेली आहेत, आणि मध्ये दोन वर्षं खंड पडलेली एक आज माझ्याबरोबर शिकवते.

प्राजक्त७९
दहावीला शास्त्रीय संगीताचे आणि खेळाचे वाढीव गुण मिळतात. शाळेमार्फत प्रस्ताव जातो, मूळ प्रमाणपत्रं जपून ठेवा, झेरॉक्स काढून लॅमिनेट करू नका, मूळ लॅमिनेट करा.

गारवा
मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट अजिबात करू नये, पुढे पडताळणीला त्रास होतो. आणि ती सातवीत आहे हो, दहावीला वेळ आहे.

दूरदेशी
आम्ही न्यू जर्सीत. इथे प्रत्येक सरावाला आईबापांनीच गाडीने सोडायचं, शिवाय रविवारी मराठी शाळा. आम्ही चार घरांनी वार वाटून घेतलेत. मला आठवड्यात एकच दिवस चारही मुलं न्यावी लागतात. तबल्याला तुमच्या भागातून दुसरं कोणी जात नाही का? आज क्लासच्या दारात उभं राहून विचारा. मी लाजत होते, सहा महिने वाया घालवले.

मैदानी
मुलीची जन्मतारीख काय? १४ वर्षांखालील गटात पुढच्या वर्षीही बसत असेल तर सरांवर एवढं दडपण घ्यायचं कारण नाही. आणि ती खांबावर खेळते की पळतीला, म्हणजे बचावात? तिकडे मॅट आहे की माती?

निशिगंधा
जूनमध्ये बारा पूर्ण. म्हणजे पुढच्या वर्षीही बसेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पळतीला असते. माती. मोजे तीनदा धुतले तरी लालच राहतात.

मैदानी
मातीवर तयार झालेली मुलं मॅटवर दोन आठवड्यांत रुळतात. उलट होत नाही.

मिरजेचा
उलटही होतं. माझा पुतण्या मॅटवरच शिकला, गावच्या जत्रेत मातीवर उत्तम खेळतो. सूर मारताना कोपरं सोलली जातात तेवढीच.

गारवा
माती आणि मॅटचा वेगळा धागा काढा. निशिगंधा, एवढं सगळं वाचून मला एकच कळलं नाही. सरांचं मत आलं, बाईंचं आलं, आमचं सगळ्यांचं आलं. मुलगी काय म्हणते?

निशिगंधा
ती म्हणते दोन्ही हवंय. सगळीच मुलं असं म्हणतात, म्हणून लिहिलं नाही.

सातवा सूर
'काय सोडशील' असं नका विचारू. आठवड्याचे सात दिवस कागदावर लिहून तिच्या हातात पेन्सिल द्या, आणि तुम्ही गप्प बसा.

निशिगंधा
काल रात्री बसलो. कागदावर तिनेच सगळं लिहिलं, अक्षर बारीक, एकावर एक. ग्राउंडला खाडाखोड नाही. गाण्यालाही नाही, फक्त मंगळवार-शुक्रवारचं काढून रविवार सकाळी आठला लिहिलं. मग शनिवार चार ते सहावर पेन्सिल ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिथे शिष्यवृत्तीचा क्लास आहे. मी इथे तो सांगितलाच नाही, कारण अभ्यासाचं म्हणून माझ्या हिशेबात तो हलणारा नव्हताच. ती म्हणाली, "आई, सगळ्या शनिवारीच खाली येतात. मी दोन महिन्यांत एकदा गेले, तेव्हा त्यांचा नवा खेळ मला येतच नव्हता. मग मी नुसतीच कठड्यावर बसले."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं भांडण झालंय.

पखवाज
शिष्यवृत्तीचा क्लास दोन महिने नसला तर काहीही बिघडत नाही. हे मात्र मी ठामपणे सांगतो, माझे दोघं मुलगे घरीच पुस्तक घेऊन बसले होते.

मैदानी
पखवाजांना पहिल्यांदाच अनुमोदन.

प्राजक्त७९
क्लासची फी परत मिळते का ते आधी विचारा. पावती ठेवली आहे ना?

निशिगंधा
पावती आहे. फी परत नाही देत म्हणाले, पण जानेवारीपासून पुढच्या बॅचला बसवतील. नवऱ्याशी फोनवर वाद झाला, तो शिष्यवृत्तीच्या बाजूने आहे. शनिवारी आल्यावर त्याला तो कागद दाखवणार आहे.

बाईंना आज फोन केला. रविवारी आठला त्यांच्याकडे मोठ्या मुलींची बॅच असते, त्यात मागे बसवून घेते म्हणाल्या. परीक्षेचं सामने झाल्यावर बघू. सरांना उद्या सांगते की रोज पूर्ण वेळ येईल.

आता राहिला धाकटा. विश्रामबागेतून मंगळवार-शुक्रवार मिरजेत तबल्याला जाणारं कोणी असेल, किंवा त्या वेळी तिकडे जाणारे भरवशाचे रिक्षाकाका माहीत असतील तर सांगा. मुलगा सात वर्षांचा आहे, शांत आहे, डग्गा मांडीवर घेऊन बसतो.

मिरजेचा
डग्गा रोज न्यायची गरज नाही, क्लासमध्ये असतो. कोणता बस स्टॉप जवळ पडतो तुम्हाला? माझी बहीण त्याच वेळी मुलीला सतारीला घेऊन येते, चारचाकीने. तिला विचारून रात्री लिहितो.