मदत हवी आहे: कुत्रीने गुरगुरणं सोडलं आणि थेट दात लावला

नमस्कार मंडळी,

लांबण लावायची नाही असं ठरवून बसले आहे, पण लागणारच.

आमची भिंगरी गावठी, दीड वर्षाची. पावसात टेम्पोच्या चाकाशी कुडकुडत होती, नवरा उचलून घेऊन आला. 'दोनच दिवस ठेवू' म्हणाला होता. पोरगी गोड आहे. फक्त तोंडात काही असलं की गुरगुरायची. चप्पल, मोजा, कचऱ्यातली आंब्याची कोय, काहीही. दिवाणाखाली शिरायची आणि जवळ गेलं की घुर्रर्र.

सासऱ्यांचं वय ७४, हातात काठी. त्यांची चप्पल हे तिचं सगळ्यात लाडकं सावज. म्हणून एक ट्रेनर बोलावले. त्यांनी गळ्यात साखळी घालायला लावली. गुरगुरली की झटका, शिवाय 'नाही' म्हणून मोठ्याने ओरडायचं. सहा वेळा आले. गुरगुरणं खरंच बंद झालं आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

गेल्या रविवारी सासरे चप्पल घ्यायला वाकले. ती शांत होती, आवाज नाही, काही नाही, आणि एकदम हातावर दात. दोन ठिकाणी रक्त आलं. तिचं रेबीजचं इंजेक्शन झालेलं आहे, तरी लगेच साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली हात धुतला आणि डॉक्टरांकडे नेलं. सासरे स्वतः 'अगं, माझीच चूक, मी न सांगता हात घातला' म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं मात्र वेगळं, आणि त्यांना दोष देता येत नाही. भिंगरी हल्ली साखळीचा आवाज आला तरी भिंतीला चिकटते. ते बघून पोटात तुटतं.

आम्ही साताऱ्यात आहोत, जवळपास वर्तनतज्ज्ञ मिळाला नाही. ती परत गुरगुरेल का? (असा प्रश्न मी विचारेन असं वाटलं नव्हतं.) बक्षीस देऊन शिकवायचं तर द्यायचं काय? घरात मांसाहार नाही आणि पोळीच्या तुकड्याकडे ती ढुंकूनही बघत नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी साखळी काढा. छातीवरून जाणारा पट्टा आणा.

सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो ना, गळती कळावी म्हणून? गुरगुर म्हणजे तो वास. ट्रेनरने वास घालवला, गळती तशीच राहिली. वस्तू हिरावली जाईल ही भीती तिला होतीच, आता माणूस जवळ आला की गळ्याला हिसका बसतो हेही तिच्या डोक्यात बसलंय. म्हणजे भीती दुप्पट, आणि सांगायची सोय बंद.

एकदम शांत होती म्हणता, पण ती शांतता नसावी. आठवून बघा: चप्पल चघळणं मध्येच थांबलं होतं का? अंग ताठ? मान न वळवता नुसते डोळे तिरके, बुबुळाशेजारचा पांढरा भाग दिसेल असे? हे दिसलं की दोन पावलं मागे व्हायचं. ती पुढे कधी गुरगुरली तर रागावू नका. मागे व्हा आणि ती वेळ कशामुळे आली ते शोधा.

आणि पशुवैद्यांना कान, दात, सांधे बघायला सांगा. दुखणं असेल तर बाकीची मेहनत पाण्यात.

प्रतिसाद २

हे सगळे लाड आहेत. कुत्रा कळपातला प्राणी. घरातला म्होरक्या कोण ते त्याला कळलं पाहिजे. आधी आपण जेवायचं, मग त्याला द्यायचं. आमच्या वाड्यावर चार कुत्री होती, एकही चावलं नाही.

प्रतिसाद ३

वाड्यावरच्या कुत्र्यांच्या तोंडातून कोणी चप्पल काढायला जात नसणार, हा त्यातला मोठा फरक.

म्होरक्याची कल्पना आली ती रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून. त्यांनी पाहिलेले लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते. डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्या अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती कल्पना सगळीकडे गेली, आणि त्याच डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. तर भिंगरीला सिंहासन नकोय, चप्पल हवीय.

ताई, आता कामाचं. पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. अंडं चालत असेल तर उकडून. मनुका आणि कांदा-लसणाचं काही अजिबात नको, विषारी असतं.

पहिला आठवडा तिच्याकडून काहीही काढून घ्यायचं नाही. चपला कपाटात, दिवाणाखालची जागा बंद, सासऱ्यांच्या खोलीला लहान मुलांसाठी लावतात तसलं अडसर-दार. तिला तिच्या हक्काचं चघळायला द्या. मग सात-आठ फुटांवरून नुसतं जायचं, जाता जाता पनीर तिच्याकडे टाकायचं आणि पुढे निघून जायचं. थांबायचं नाही, वाकायचं नाही. तुम्ही दिसलात की ती मान वर करून वाट बघायला लागली, शेपूट सैल हलली, की एक पाऊल जवळ. ताठरली तर एक पाऊल लांब. दिवसातून तीन-चार मिनिटं पुरे.

'दे' हा शब्द त्यानंतर. शब्द आधी, पनीर मागून. तिने वस्तू सोडली त्याच क्षणी 'शाब्बास', लगेच तुकडा, आणि धोक्याची नसेल तर वस्तू तिला परत. ही परत देण्याची पायरी लोक गाळतात आणि मग धागा काढतात.

सासऱ्यांनी सध्या यात पडू नये. त्यांनी खुर्चीत बसून लांबून पनीर टाकलं तर चालेल.

धागाकर्ती

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. डाव्या कानात चांगलाच संसर्ग निघाला. औषधाने उतरलाय. साखळी भंगारात.

पहिले नऊ दिवस तिने पनीर खाल्लं, पण मी गेल्यावरच. दहाव्या दिवशी मी दारात दिसताच शेपटीचं टोक हललं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. मागच्या मंगळवारी तिच्या बिछान्याजवळ पोछा मारत होते तर अगदी बारीक घुर्रर्र आलं. मी मागे झाले, आणि नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं, 'गुरगुरली!' पलीकडे सहकाऱ्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. सासऱ्यांच्या खुर्चीपासून ती आता हातभर अंतरावर झोपते. अडसर-दार मात्र रात्री लावतोच.

आता नवी भानगड. 'दे' इतकं पक्कं झालंय की बाईसाहेब कपाटाचं दार पंजाने उघडून स्वतःहून चप्पल आणतात, माझ्या पायाशी ठेवतात आणि पनीरची वाट बघत बसतात. आज सकाळी चार वेळा. अर्धा किलो पनीर चार दिवसांत संपतंय. द्यायचं की नाही? नाही दिलं तर पुन्हा लपवायला लागेल का?

प्रतिसाद ३

द्या, पण पोळीचा तुकडा. खरं पनीर तुम्ही मागाल तेव्हाच. आणि कपाटाला कडी लावा हो.