विल्किन्सचं नाव राहिलं

रडारचं, म्हणजे रेडिओलहरींनी दूरची विमानं-जहाजं हुडकणाऱ्या यंत्रणेचं, सगळं श्रेय ब्रिटिश शास्त्रज्ञ वॉटसन-वॅटना दिलं जातं, पण त्यांचे सहायक अर्नॉल्ड विल्किन्सना वगळणं मला अन्यायाचं वाटतं. १९३५च्या सुरुवातीला ब्रिटिश हवाई मंत्रालयाने विचारलं होतं, शत्रूची विमानं निकामी करणारा रेडिओलहरींचा ‘मृत्युकिरण’ बनवता येईल का? विल्किन्सनी हिशेब मांडला: अशक्य. पण विमान जवळून गेलं की रेडिओच्या ग्रहणात अडथळा येतो, ही टपालखात्याच्या अभियंत्यांची नोंद त्यांना आठवली. मग विमान शोधता तरी येईल! २६ फेब्रुवारी १९३५ला डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्याच प्रक्षेपकाच्या, विमानावर आपटून परतणाऱ्या लहरी वापरून, व्हॅनमधल्या ग्राहकयंत्रावर हेफर्ड बॉम्बर सुमारे १३ किलोमीटरपर्यंत टिपलं. स्वतःचा प्रक्षेपकही नव्हता, हे मला फार थोर वाटतं.

जहाजं हुडकणारं यंत्र मात्र जर्मनीच्या ह्युल्समायरने १९०४मध्येच कोलोनला दाखवलं होतं. त्या यंत्राला अंतर मोजता येत नव्हतं.