नॉर्दर्न सोलच्या नाचासाठी चामड्याच्या तळाचे बूट बेळगावकडं कोण करून देईल? शहाबादीवर सराव चालतो का?

वडगावची_मागवाली

नमस्कार. मी वडगावची, वय ५६. घरचे चार पॉवरलूम आहेत आणि २२ वर्षं मी स्वतः मागावर उभी राहिले आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडात विगनला जाऊन आले. तिथं एका शनिवारी रात्री नॉर्दर्न सोल बघितलं, म्हणजे जुन्या अमेरिकी गाण्यांवरचा उत्तर इंग्लंडातला नाच. ते अजून पायातून जात नाही, म्हणून विचारायला आले.

लेकीच्या शेजारी ६७ वर्षांच्या एक बाई राहतात. आमची ओळख बाळाच्या स्वेटरवरून झाली, टाके दाखवायला भाषा लागत नाही. त्या म्हणाल्या, शनिवारी नाचायला चल. मला येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, तिथं कुणी कुणाला बघत नाही. लेकीनंच मला दाराबाहेर काढलं.

कामगारांच्या क्लबातला साधा हॉल. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मधे लाकडी जमीन. आत पाऊल टाकलं आणि टाल्कम पावडरीचा वास आला. बाळाच्या खोलीतून निघून आले होते, इथंही तोच वास! एक गृहस्थ डबा घेऊन जमिनीवर पावडर शिंपडत होते, आपण कॅरमवर बोरिक टाकतो तशी. पाय सरकला पाहिजे ना.

जोडीनं नाचायचं नसतं. ज्याचा तो, पण सगळे एकाच ठोक्यावर. बहुतेक साठीच्या पुढचे. घेरदार पँट घातलेले एकजण चार गिरक्या घेऊन खाली गेले, मागं हात टेकला आणि ठोका न चुकवता परत उभे. गाण्यात मधेच एक जागा आली आणि अख्ख्या हॉलची एकच टाळी पडली. कुणी खूण केली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गल्लीच्या भजनात सम आली की असं होतं, तेवढंच मला ठाऊक होतं.

आणि तो ठोका मागाचा होता वो! चारही मात्रा सारख्या जोराच्या, धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं. मी कडेला उभी होते, पाय कधी हलायला लागले कळलं नाही. डावीकडं चार, उजवीकडं चार, एवढंच केलं. रात्री एकपर्यंत केलं.

बाई सोळाव्या वर्षापासून कापडगिरणीत होत्या. आठवडाभर गिरणी आणि शनिवारी विगन कॅसिनो नावाचा नाचाचा क्लब. मध्यरात्रीनंतर दार उघडायचं, नाच रविवारी सकाळी आठपर्यंत. २३ सप्टेंबर १९७३ ला सुरू झालं, १९८१ च्या डिसेंबरात बंद. आता ती इमारतही नाही. दारू मिळायची नाही तिथं. जागं राहायला काही पोरं गोळ्या घ्यायची, हेही त्यांनी लपवलं नाही. घामानं भिजलेले कपडे बदलायला नेत ती पिशवी त्यांनी अजून ठेवलीय, वर आवळलेल्या मुठीचा बिल्ला शिवलेला. मी तो हातात घेऊन बघितला, टाके त्यांचेच.

आता विचारायचं ते हे. रबरी तळाचा बूट जमिनीला धरून ठेवतो, गिरकीत माझा गुडघा पिळला. चामड्याचा तळ कोण लावून देईल? घरात शहाबादी आहे, त्यावर चालेल का? आणि शेवटी तीन गाणी लागली, तेव्हा सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. ती कुठली?

तबकडी_टिळकवाडी

अक्का, वाचून फार आनंद झाला. कॅसिनोत सकाळी आठच्या आधी तीच तीन वाजायची, म्हणून 'थ्री बिफोर एट' म्हणतात. टोबी लेजंडचं 'टाइम विल पास यू बाय', जिमी रॅडक्लिफचं 'लाँग आफ्टर टुनाइट इज ऑल ओव्हर' आणि डीन पॅरिशचं 'आयम ऑन माय वे'.

नाव उत्तरेचं असलं तरी गाणी अमेरिकेची, डेट्रॉइट-शिकागोकडच्या कृष्णवर्णीय कलाकारांची जास्त. १९६० च्या दशकात छोट्या कंपन्यांनी काढली आणि तिथं बरीचशी पडली. पुढं अमेरिका फंक नावाच्या संगीताकडं वळली, पण उत्तर इंग्लंडच्या पोरांना जुना पळता ठोकाच हवा होता. लंडनच्या एका तबकड्यांच्या दुकानात ती पोरं गिऱ्हाईक म्हणून यायची, त्यांच्यासाठी दुकानदार डेव्ह गोडिननं 'नॉर्दर्न सोल' हे नाव पाडलं. ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' १९६५ साली आलं आणि पडलं; उत्तर इंग्लंडच्या नाचणाऱ्यांनी ते जिवंत ठेवलं आणि १९८१ साली सॉफ्ट सेल या इंग्लिश जोडीनं गाजवलं. फ्रँक विल्सनच्या एका तबकडीला २००९ साली २५ हजार पौंडांवर किंमत आली. तुम्ही मात्र मूळ तबकड्यांच्या मागं लागू नका, सरावाला मोबाइल पुरे.

अथणीचा_पोरगा

मावशी, आमच्याकडं या. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं जीआय (भौगोलिक मानांकन) बेळगाव जिल्ह्यालाही आहे, तळाचं काम इथं घरोघर होतंय. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं म्हशीचं चामडं मागा. पण गिरकीला चप्पल नको, पायातून सुटते. बंद बूट आणा, रबर काढून तळ लावून घ्या. खिळे मारू देऊ नका, शिवूनच घ्या. खिळ्याचं डोकं वर आलं तर लाकूड ओरबाडतंय आणि तुम्हीही अडकून पडाल.

खानापूरचा_सुतार

शहाबादीवर अजिबात नको. पावडर टाकली तर घसराल आणि खाली दगड. गुडघ्याला लवणारी जमीन पाहिजे. जुन्या घराची माडी आहे का कुठं? फळ्या तुळयांवर टाकलेल्या असतात, खाली पोकळी, म्हणून पाय आपटला तर ती जमीन थोडी घेते. आधी तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. आत गेला तर वाळवी लागलीय किंवा लाकूड कुजलंय, वर चढूच नका.

वडगावची_मागवाली

सगळ्यांचे उपकार. ती तीन गाणी रात्री ऐकली, दुसऱ्या गाण्याला मला रडू आलं. शेजारच्या बाईंना लेकीच्या फोनवरून लावून दाखवली, पलीकडून त्यांची टाळी बरोबर जागेवर पडली.

माहेरी नंदगडला माडी आहे, भाताची पोती ठेवतात. भावाला टोकं टोचायला लावली. पश्चिमेच्या भिंतीतली एक तुळई मऊ लागली, बाकी सागवान टणक आहे. सुतारदादा, ती एक बदलायला किती दिवस जातील? अथणीला बूट घेऊन येत्या गुरुवारी जाते.